तारघराची भिंत सरकली नव्हती

नोटीस तारघराच्या दारावर चिकटवलेली होती, आणि ती मी वाचली हा दोष माझ्या सुनेचा. साठी उलटल्यावर तिनंच मला अक्षरं शिकवली. नसती शिकवली, तर त्या कागदाकडे नुसतं पाहून मी आत गेले असते, तिचं स्टूल मांडलं असतं आणि घरी येऊन सुखानं जेवले असते.

इमारत धोकादायक असून ती पाडण्यात येणार आहे, असं वर लिहिलं होतं. एवढंच असतं तर मी ब्रसुद्धा काढला नसता. आम्ही फोटो काढायला जातो त्या सगळ्याच इमारती पाडण्यात येणार असतात, म्हणून तर जातो. पण खाली आणखी एक ओळ होती. ती मी बोट ठेवून दोनदा वाचली. चाळीस वर्षांपूर्वी करण्यात आलेली दुरुस्ती निकृष्ट दर्जाची असल्याने पूर्वेकडील भिंत सरकत आहे.

निकृष्ट म्हणजे काय, असं मी सुनेला विचारलं. अर्थ मला कळला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता.

"हलक्या प्रतीचं, आई. वाईट," ती म्हणाली आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिनं विचारलं, "का हो?"

"ती दुरुस्ती आम्ही केली होती."

आम्ही म्हणजे मी आणि माझे मालक. ते गवंडी होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, म्हणून मीही घरात मिस्त्रीच म्हणायला लागले आणि ते जाईपर्यंत तेच म्हणत राहिले. लग्नानंतर पहिली दहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली चुना मळला आणि पाट्या उचलल्या. नंतर एकदा त्यांचा खांदा निखळला, तेव्हा नाइलाजानं त्यांनी माझ्या हातात थापी दिली. खांदा बरा झाला, पण थापी मी परत दिली नाही.

सुनेचं काम वेगळं. आठवडाभर ती लोकांच्या लग्नांचे फोटो काढते. रविवारी मात्र कॅमेरा घेऊन ओसाड इमारतींत शिरते. जुना बर्फाचा कारखाना, घोड्यांचे तबेले, वर गवत उगवलेला दवाखाना. लग्नातली माणसं पुढच्या वर्षीही दिसतात, इमारती दिसत नाहीत, असं तिचं म्हणणं. सुरुवातीला मला हे खूळ वाटायचं. मग एकदा तिनं घरी एक फोटो दाखवला आणि दगडी खांब किती सुंदर आहेत बघा, म्हणाली. मी म्हटलं, ते दगड नव्हेत, तो गिलावा आहे. ओला असताना दोरीनं रेघा मारून दगडाचं सोंग आणलंय. पुढच्या रविवारपासून मी तिच्याबरोबर. तिनं कॅमेरा सांभाळायचा, मी स्टूल. कुठल्या पायरीवर पाय द्यायचा आणि कुठल्या नाही, तेही मीच सांगायचं. माझा मुलगा म्हणतो, लोकांच्या घरात सासू-सून भांडतात आणि घर मोडतं, आमच्या घरातल्या दोघी मोडकी घरं शोधत हिंडतात.

तर त्या दिवशी नोटीस वाचून आम्ही आत गेलो. राखणदारानं दार उघडून दिलं आणि तो पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. तारघर बंद पडून वीस वर्षं झाली होती. मोठ्या दालनात लाकडी खिडक्यांची रांग तशीच होती, जिथं लोक तार द्यायला उभे राहायचे. सून याआधीही इथं एकदा येऊन गेली होती, जिन्याचे आणि घुमटाचे फोटो काढून. मी जिन्याकडे पाहिलंही नाही, सरळ पूर्वेच्या भिंतीशी गेले.

चाळीस वर्षांपूर्वी या भिंतीच्या कडेनं मोठं गटार खणलं होतं. पाया हादरला आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत भेगा पडल्या. मिस्त्रींनी भेगा नुसत्या बुजवल्या नाहीत. हाताहाताच्या अंतरावर दगड काढून त्यांनी लांब दगड आडवे घातले, एक टोक भेगेच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला. फाटलेल्या कापडाला टाके घालावेत तसे. चुना मी मळला, पंधरा दिवस भिजवून ठेवलेला. मग वरून गिलावा केला, त्यावर रंग दिला. आणि सगळं झाल्यावर भेगांच्या जागी काचेच्या पट्ट्या लावल्या.

हे आमच्या धंद्यातलं जुनं काम आहे. बोटभर रुंदीची पातळ काच घ्यायची, भेगेवर आडवी धरायची आणि तिची दोन्ही टोकं चुन्याच्या गोळ्यांनी भिंतीला पक्की करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. तिला खोटं बोलता येत नाही. मिस्त्री तिला साक्षीदार म्हणायचे. अशा सात पट्ट्या आम्ही लावल्या होत्या. चार त्यांनी, तीन मी.

मी मोजल्या. सहा अखंड होत्या. सातवी, उत्तरेच्या कोपऱ्यातली, मधोमध तडकलेली होती.

"सहा," मी सुनेला म्हटलं. "चाळीस वर्षांत सहा जागी केसभरही हलली नाही. आणि हे म्हणतात निकृष्ट."

ती स्टुलावर चढून एक पट्टी निरखू लागली. कोळ्याच्या जाळ्यांनी आणि धुळीनं काच आहे हेसुद्धा जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. थोड्या वेळानं जरा ओशाळून म्हणाली, की मागच्या खेपेला तिनं या भिंतीचाही फोटो घेतला होता, पण भिंतीवर काहीतरी घाण चिकटलीय असं वाटून पट्ट्या येणार नाहीत अशा बेतानं. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या रविवारी घेऊ. या भिंतीवर उजेड सकाळचाच येतो आणि आता दुपार कलली होती.

नोटिशीत असंही होतं की हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावं. अर्ज मी लिहिला. चार संध्याकाळी लागल्या. सून म्हणाली, मी टाइप करून देते, छान दिसेल. मी म्हटलं, छान दिसायला ती लग्नपत्रिका नाही. पट्ट्या सात, त्यांतल्या सहा अखंड, एक तडकलेली, हे सगळं मी लिहिलं. तडकलेली कशाला लिहायची, असं मुलानं विचारलं. मी म्हटलं, साक्षीदार आपणच निवडून आणायचे असतील तर साक्ष कसली? त्यावर तो म्हणाला, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.

"शहाण्यानं ना?" मी म्हटलं. "मग मला मोकळीक आहे."

उत्तर लवकर आलं. बांधकाम खात्याचे इंजिनिअर मंगळवारी स्वतः येऊन पाहणी करणार होते. म्हणजे फोटो घ्यायला त्याआधीचा एकच रविवार.

त्या रविवारी मी जे केलं ते अजूनही मला माफ करता येत नाही. सून खिडक्यांची झडपं उघडायला राखणदाराला घेऊन मागच्या बाजूला गेली. मी बाटलीतल्या पाण्यानं फडकं ओलं केलं आणि सातही पट्ट्या पुसून काढल्या. काच पुसली, गोळे पुसले, अवतीभवतीची जाळी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला लागतच नाही. मिस्त्रींचा नियमच होता, की काम पुसल्याशिवाय दाखवायचं नाही. न पुसलेलं काम दाखवणं म्हणजे तोंड न धुता पाहुण्यांपुढे जाणं. तीस वर्षं मी हेच केलं होतं. घरमालक काम बघायला यायच्या आधी शेवटचा हात फडक्याचा. सून परत आली तेव्हा उन्हात सातही काचा लखलखत होत्या. तिलाही आवडल्या. तिनं मनापासून फोटो घेतले.

मंगळवारी इंजिनिअर आले. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान, बोलायला गोड. मला वाकून आजी म्हणाले. मी म्हटलं, आजी घरी. इथं मी कामावर आले आहे. ते हसले आणि म्हणाले, बरं बाई, दाखवा. मी त्यांना भेगा कुठून कुठपर्यंत होत्या ते दाखवलं, टाके कुठं घातले ते दाखवलं आणि मग पट्ट्या दाखवल्या. त्यांनी एकीवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. दुसरीवरून फिरवलं.

"राग मानू नका," ते म्हणाले, "पण यावर धुळीचा कणही नाही. वीस वर्षं बंद असलेल्या इमारतीत! मी वर जाऊन काय सांगू? ते म्हणतील, बाईंनी काल-परवा चिकटवल्या."

"रविवारी पुसल्या," मी म्हटलं.

"का?"

"तुम्हाला दाखवायच्या होत्या म्हणून."

त्यांना हसू आवरत नव्हतं आणि ते वाईट हसू नव्हतं, हेच मला जास्त लागलं. सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. आधी ती पट्ट्या टाळून बसली होती, आता मी धुऊन बसले होते. दोघींनी मिळून आपलाच पुरावा साफ केला होता, एकीनं कॅमेऱ्यानं, एकीनं फडक्यानं. इंजिनिअरांनी वही मिटली. ते दाराकडे वळले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो कागद आला. इमारत पडेल, दगड गाडीत भरून जातील, आणि कुठल्यातरी कपाटात एवढंच उरेल की या भिंतीचं काम वाईट होतं. मिस्त्रींचं दुसरं काहीच लिहिलेलं नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि त्यांच्याविषयी कुणी लिहिलं नाही. एक ओळ लिहिली गेली, तर ती ही.

"थांबा," मी म्हटलं. "या भिंतीला तारघर बंद होईपर्यंत किती वेळा रंग दिला असेल?"

ते म्हणाले, मला कसं ठाऊक असणार?

"मलाही नाही. गोळ्याला ठाऊक आहे. आम्ही पट्ट्या लावल्या तेव्हा भिंत हिरवी होती. रंगारी काच सोडतात, गोळा सोडत नाहीत. त्यानंतर जेवढ्या वेळा रंग दिला तेवढे थर चुन्याच्या गोळ्यावर बसलेले असणार, आणि गोळ्याखाली नुसता हिरवा. धूळ मी पुसली, रंगाचे थर पुसता येत नाहीत. एक गोळा फोडून बघा."

इंजिनिअर थांबले. वही पुन्हा उघडली नाही, पण थांबले. मी म्हटलं, कुठला फोडायचा ते तुम्हीच निवडा, नाहीतर उद्या म्हणाल की म्हातारीनं आधीच एक तयार करून ठेवला होता.

त्यांनी मधला निवडला, सर्वांत मोठ्या भेगेवरचा.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. त्या पट्टीविषयी मी तिला रविवारी सांगितलं होतं. मिस्त्री डावरे होते. गोळा दाबताना त्यांच्या अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूला पडायचा, आणि एवढे रंग चढूनही त्या गोळ्यात तो दिसत होता. त्यांच्या हाताची दुसरी कुठलीच खूण आमच्या घरात नाही. ती हळूच म्हणाली, "आई, त्यांना दुसरी घ्यायला सांगू का? ऐकतील ते."

"निवड त्यांची आहे," मी म्हटलं. "तू कॅमेरा घे."

छिन्नी आणि हातोडी माझ्या पिशवीत होती. हातोडी हातात घेतली तेव्हा हात थरथरला नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थरथरत्या हातानं छिन्नी मारली तर गोळ्याचा भुगा होतो आणि थर दिसत नाहीत, म्हणून थरथरू दिला नाही. सुनेनं गोळ्याशेजारी फूटपट्टी धरायला राखणदाराला उभं केलं. न फोडलेल्याचा एक फोटो घेतला, मग प्रत्येक ठोक्यानंतर एक. तिसऱ्या ठोक्याला काच तडकली. चाळीस वर्षांत भिंतीला जे जमलं नाही ते मी एका हातोडीनं केलं. पाचव्या ठोक्याला गोळा मधोमध चिरला आणि अर्धा माझ्या हातात आला.

मी तो इंजिनिअरांच्या तळहातावर ठेवला. कडेला कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर होते. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा, आणि मग आत चुना, दगडासारखा. भिंतीवर जिथून तो निघाला तिथं नुसता हिरवा रंग होता, नवा असावा तसा ताजा. इंजिनिअरांनी खिशातून किल्ली काढली आणि बाजूची भिंत खरवडली. पांढरा. निळा. पिवळा. हिरवा. मग त्यांनी न विचारता दुसऱ्या पट्टीचा गोळा कडेनं खरवडला. तिथंही तेच. त्यांनी वही उघडून थर लिहून घेतले.

मग म्हणाले, की मागच्या पाहणीत त्यांनी उत्तरेचा कोपरा बाहेरूनच पाहिला होता आणि तिथं भिंत खरोखरच सरकलेली आहे. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. कारण कोपऱ्याविषयी ते खरं बोलत होते. मी त्यांना सांगितलं, की त्या कोपऱ्यात तेव्हा मोठं लोखंडी कपाट होतं. तारमास्तरांनी ते हलवू दिलं नाही, म्हणून तिथं टाके घालता आले नाहीत, कपाटाच्या वर नुसती पट्टी लावली. मिस्त्रींनी तरी हट्ट धरायला हवा होता. नाही धरला. ती चूक आमची, तेवढी लिहा. बाकीची भिंत लिहाल तर जशी आहे तशी लिहा.

"मी जे पाहिलं ते लिहीन," ते म्हणाले. जाताना त्यांनी विचारलं, हा तुकडा ठेवू का? मी म्हटलं, ठेवा, पण सांभाळून. त्यात चुना माझा आहे.

माझ्या अर्जाच्या सुनावणीला टेबलापलीकडे पाच जण होते. सुनेचे फोटो त्यांनी एकेक करून हातोहात फिरवले. एकानं मला विचारलं, तुमचं शिक्षण किती? मी म्हटलं, भिंतीचं की अक्षरांचं? मग इंजिनिअर उभे राहिले आणि त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आठवड्यानं आदेश आला. कोपरा वगळता भिंत स्थिर असून पूर्वीची दुरुस्ती उत्तम स्थितीत आहे, सबब धोकादायक असल्याची नोटीस रद्द करण्यात येत आहे. मी कचेरीत जाऊन शिक्क्याची प्रत मागितली. कारकून म्हणाला, कशाला हवी, नोटीस तर रद्द झालीच आहे. मी म्हटलं, नोटीस तुमची होती, प्रत माझी आहे.

दोन महिन्यांनी दुसरी नोटीस लागली. तीही मी वाचली. रस्ता रुंद करण्यासाठी जागा आवश्यक असल्याने इमारत काढून टाकण्यात येत आहे. भिंतीविषयी एक अक्षर नव्हतं.

सून चवताळली. तिनं अर्ज केले, सह्या गोळा केल्या, इंजिनिअरांना जाऊन भेटली. ते म्हणाले, आता हे माझ्या हातात नाही. मुलगा म्हणाला, आई, मग मिळवलं काय? पडायची ती पडणारच. तो वाईट म्हणून बोलत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "अरे, कुणाला घराबाहेर काढायचं असेल तर काढतात, माणसाचं काही चालत नाही. पण आधी त्याला चोर ठरवून मग काढायचं, हे मी चालू दिलं नाही. आता त्यांना जागा हवी म्हणून पाडतायत. तसं त्यांना लिहावं लागलं."

पाडकामाच्या ठेकेदारानं दोन दिवस धरले होते. छप्पर आणि पश्चिमेची बाजू दीड दिवसात गेली. पूर्वेच्या भिंतीशी यंत्र आलं आणि अडलं. मी रस्त्याच्या पलीकडे घरून आणलेली खुर्ची टाकून बसले होते. सून उभी होती. रोज सकाळी, उजेड भिंतीवर येईल तेव्हा ती एकाच जागेवरून एकच फोटो घ्यायची. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. फोटोंत यंत्राची जागा बदलायची, भिंतीची नाही. सहाव्या दिवशी यंत्राच्या पंजाचा एक दात तुटला आणि नवा यायला दोन दिवस लागले. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. एकानं मला विचारलं, बाई, तुम्ही मालकीण का? मी म्हटलं, नाही, गवंडीण.

नवव्या दिवशी यंत्र चालवणारा खाली उतरला. घामाघूम झालेला, चांगला पोक्त माणूस. तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. त्यानं विचारलं, "मावशी, ही भिंत तुम्ही दुरुस्त केली म्हणे. कुठून सैल आहे तेवढं सांगा की. दोन दिवसांचं काम नऊ दिवस चाललंय, शिव्या मी खातोय."

त्याची दया आली. कोपरा मी त्याला सांगू शकले असते, पण तो त्यानं दुसऱ्याच दिवशी पाडला होता. उरली होती ती सगळी टाके घातलेली.

"कुठूनच नाही," मी म्हटलं. "वरून एकेक दगड सुटा करत या. आम्ही एकेक करूनच बसवले होते."

त्यानं भिंतीकडे वर पाहिलं. मग मान हलवून यंत्राकडे परत गेला आणि पंजा वर, अगदी वरच्या दगडाशी नेला. मी सुनेला म्हटलं, हाही घे.